चारचा टाइम

घड्याळं हा माझा वीक पॉइंट आहे. मनगटावरची, चावीची, कानाला लावली की टिकटिक ऐकू येणारी. शनिवारी सकाळी लोक ट्रेकला जातात, मी चहाचा कप घेऊन घड्याळांचे फोटो बघत बसतो. बायकोच्या मते हा आजार आहे आणि तो पगाराच्या प्रमाणात वाढतो. मी वाद घालत नाही, कारण आकडे तिच्या बाजूने आहेत.

सुरुवात अगदी साधी होती. २००४ साली पहिल्या पगारातून टायटन एज घेतलं. ते मॉडेल २००२ मध्ये आलं होतं. अख्ख्या घड्याळाची जाडी ३.५ मिलिमीटर आणि आतलं मशीन फक्त १.१५ मिलिमीटर! होसूरला बनलेली ही वस्तू मी ऑफिसमध्ये प्रत्येकाला कडेने धरून दाखवायचो. पुढे एका प्रोजेक्टसाठी तीन महिने झुरिकला जायला मिळालं. तिथल्या टीममधला एक जण त्याच्या आजोबांचं ओमेगा घालायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने ते काढून माझ्या कानाला लावलं. झालं! माणूस वाया गेला.

आता आपल्या धंद्यातल्या लोकांना एक आकडा सांगतो. ३२,७६८. ओळखीचा वाटला ना? दोनाचा पंधरावा घात. क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीच्या जातीचा एक चिमुकला स्फटिक सेकंदाला बरोबर इतक्या वेळा थरथरतो. सर्किट त्या आकड्याला दोनाने भागतं, आलेल्या उत्तराला पुन्हा दोनाने, असं पंधरा वेळा. शेवटी उरतो सेकंदाला एक ठोका. बस, काटा पुढे सरकला. इतकं स्वच्छ डिझाइन मी आजवर कुठल्याच कोडबेसमध्ये पाहिलेलं नाही. २५ डिसेंबर १९६९ ला सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ टोकियोत विकायला ठेवलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ कारखान्यांतल्या सुमारे ९० हजार नोकऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच उरल्या.

मग आज चावीचं घड्याळ का घालायचं? खिशातला फोन त्याच्यापेक्षा कितीतरी अचूक आहे. मी स्वतःपुरतं उत्तर असं काढलंय की चावीच्या घड्याळात लपवलेलं काही नसतं. मागचं झाकण उघडलं की स्प्रिंग दिसते, ती चाकं फिरवते, आणि शेवटचं चाक एका झोके घेणाऱ्या चक्राच्या परवानगीने एकेक दात पुढे जातं. ना बॅटरी, ना अपडेट. सगळा सोर्स कोड डोळ्यासमोर.

आणि प्रत्येक घड्याळाला गोष्ट असते. जेजर-लेकुल्त्रचं रिव्हर्सो घ्या. १९३१ सालचं हे डिझाइन. आपल्याकडे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अफसरांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून तबकडी आतल्या बाजूला उलटी फिरवता येईल अशी केस केली. म्हणजे जगातल्या सगळ्यात देखण्या घड्याळांपैकी एकाची रिक्वायरमेंट भारतातून गेली होती! किंवा पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्याच जातीची इतर घड्याळं याच्या आसपासही जात नाहीत. मग यात काय होतं? ते न्यूमनने स्वतः वर्षानुवर्षं घातलेलं होतं आणि पाठीवर त्याच्या बायकोने गाडी सांभाळून चालव अशा अर्थाची ओळ कोरून घेतली होती.

म्हणून जुन्या घड्याळांच्या शौकिनांचा पहिला नियम आहे की हात लावू नका. मशीनला तेल-पाणी करा, पण केस पॉलिश करू नका, डायल रंगवू नका. पिवळा पडलेला रंग, झिजलेल्या कडा, पट्ट्याखालचे ओरखडे, या सगळ्याला किंमत आहे, कारण त्या घड्याळाचं आयुष्य तिथे लिहिलेलं असतं. हा नियम मी मित्रांना इतक्या वेळा ऐकवलाय की आता ते घड्याळाचा विषय निघाला की बिल मागवतात. :)

हे एवढं पुराण सांगितलं कारण पुढे मी जे केलं त्याला अज्ञान हे कारण देता येणार नाही.

तर झालं असं. पाच वर्षं पैसे बाजूला टाकत टाकत मी शेवटी एक ओमेगा सीमास्टर घेतलं. सेकंदाला सात ठोके, १५,००० गाउसच्या चुंबकासमोरही न बिघडणारं, आणि दिवसाला शून्य ते पाच सेकंदच पुढे जाईल असं प्रमाणपत्र असलेलं. दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने शेगावला घरी गेलो तेव्हा ते हातात होतं. आईने फराळाचं ताट ठेवता ठेवता विचारलं, "नवी घेतली का रे?" आमच्याकडे घड्याळाला घडी म्हणतात. बाबांनी चष्मा वर केला, घडी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली.

"दिवसाले किती पुढं जाते?"

मी अभिमानाने म्हणालो, "दोन सेकंद."

"रोज?"

"हो. रोज."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग चार वाजता मिळवा लागत असंल."

यातला चार वाजता म्हणजे काय ते सांगायला हवं. बाबा रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते. सगळी नोकरी भुसावळ विभागात. जलंब, नांदुरा, मग शेगाव. रेल्वेत रोज दुपारी बरोबर १६ वाजता कंट्रोलकडून सगळ्या स्टेशनांना टाइम मिळतो आणि स्टेशनातलं घड्याळ त्या क्षणाला मिळवून घ्यायचं असतं. आज आपले सर्व्हर एनटीपीने जे करतात तेच, फक्त फोनवर. मुंबई-हावडा मार्गावरच्या शेजारशेजारच्या दोन स्टेशनांची घड्याळं वेगवेगळी चालून भागणार नाही, म्हणून ही व्यवस्था. भिंतीवरचं घड्याळ मिळवून झालं की बाबा आपल्या हातातलंही मिळवायचे. सुट्टीच्या दिवशीही. घरी असले तर रेडिओ लावून. चारच्या सुमाराला आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

लहानपणी मला वाटायचं की चार वाजणं हे बाबांचं काम आहे. त्यांनी घडी मिळवली नाही तर गावात चार वाजणारच नाहीत. तशी ही कल्पना फार चुकीची नव्हती. शेगाव आहे साधारण ७६.७ अंश पूर्व रेखांशावर आणि आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशाची. म्हणजे शेगावचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी २३ मिनिटं मागे चालतो. प्रमाणवेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि मुंबई शहर तर आपला वेगळा बाँबे टाइम १९५५ पर्यंत धरून बसलं होतं. गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली तेव्हा ही नवी वेळ जेमतेम पावणेपाच वर्षांची होती. बहुतेक गाव सूर्यावर आणि देवळातल्या आरतीवर चालत असणार. घड्याळातले चार पहिल्यांदा गावात आले ते स्टेशनातूनच.

बाबांची घडी म्हणजे एचएमटी जनता. १९७४ साली, नोकरी पक्की झाल्यावर घेतलेली. पांढरी डायल, त्यावर देवनागरीत 'जनता', १७ ज्वेल्स, रोज सकाळी चाबी भरायची. (पुण्यात किल्ली देतात. आमच्याकडे चाबी भरतात.) एचएमटीने जपानच्या सिटिझनबरोबर करार करून १९६१ मध्ये बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी चांगलं घड्याळ म्हणजे स्विस. फाव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड वगैरे. मास्तर, कारकून, कंडक्टर यांच्या मनगटावर घड्याळ आणलं ते एचएमटीने. लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीला एचएमटी. मग १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली आणि चाबी भरायचा लोकांना कंटाळा येऊ लागला. २०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला.

बाबांची जनता मात्र चालू होती. सेकंदाला पाच ठोके. दिवसाचे ४ लाख ३२ हजार. अखंड चालली असं धरलं तर १९७४ पासून आजवर साधारण ८०० कोटी. दिसायला मात्र ती... खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटायची. काच धुरकट. केसचा मुलामा डाव्या बाजूला उडून पितळ दिसत होतं. आणि डायलवर चार आणि पाचच्या मध्ये चहाच्या थेंबाएवढा एक तपकिरी डाग.

गेल्या वर्षी बाबांना पंच्याहत्तरी लागली. घरात छोटा कार्यक्रम ठरला. भेट काय द्यायची? माझ्या डोक्यात कल्पना चमकली. महिनाभर आधी शेगावला गेलो तेव्हा "सर्व्हिसिंग करून आणतो" म्हणून घडी मागून घेतली. बाबांनी ती काढून दिली. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. म्हणाले, "मशीन साफ करून घे. बाकी काई नको करू."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि पुण्यात आल्यावर एका दुकानात ती घडी देऊन सांगितलं, "एकदम नवी करून द्या. डायल, काच, केस, सगळं."

इथे एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत कसली. परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये एक शब्द रूढ आहे, मुंबई स्पेशल. तीन-चार मोडक्या घड्याळांचे सुटे भाग एकत्र करायचे, केस पॉलिश करायची, डायल नव्याने रंगवायची, कधी मूळ कंपनीने स्वप्नातही काढली नसेल अशा भडक पोपटी किंवा केशरी रंगात, आणि 'व्हिंटेज' म्हणून विकायची. एचएमटी, फाव्हर-ल्यूबा, सायको, सगळ्यांची अशी रूपं मिळतात. शब्द कौतुकाचा नाही. लांबूनही ते घड्याळ ओळखता येतं. अक्षरं जाड झालेली असतात, मिनिटांच्या रेघा हलल्यासारख्या दिसतात. मी स्वतः कितीतरी मित्रांना यातून वाचवलंय. मुंबई स्पेशल कसं ओळखावं यावर मी अर्धा तास बोलू शकतो आणि बोललोही आहे.

पंधरा दिवसांनी घडी आणायला गेलो. दुकानदाराची तक्रार करायला जागा नाही. जे सांगितलं ते त्याने केलं होतं. डायल पांढरीशुभ्र. केस आरशासारखी. नवी काच, नवा पट्टा, नवी चाबी. मी खूश होऊन ती डबीत ठेवली, वर रिबन बांधली. 'जनता' मधला 'ज' जरा जाड दिसतोय हे डोळ्यांना दिसलं होतं. मेंदूपर्यंत पोचलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबांनी डबी उघडली. त्यांनी घडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मस्त हाय. माही कुठं हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. "बाबा, ही तुमचीच आहे."

"हाव का?" ते म्हणाले आणि ती हातात घातली. पाहुण्यांना दाखवलीही. पण चार वाजता मी बघत होतो. बाबांनी हात वर केला, डायलकडे पाहिलं, आणि क्षणभर अंगठा चार-पाचच्या मधल्या काचेवर फिरवला. जिथे डाग असायचा तिथे. मग नुसताच हात खाली घेतला. घडी मिळवलीच नाही.

रात्री आवरताना आई म्हणाली, "तो डाग कायले काढला रे?"

मी म्हणालो, "अगं, खराब दिसत होता."

"तुले माहीत नाई तो कशाचा?"

मला माहीत नव्हतं. मग आईने सांगितलं. पंढरपूरहून महाराजांची पालखी परत येते तेव्हा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव असतो. पहाटेपासून हजारो माणसं पालखीबरोबर चालत निघतात, श्रावणाचा पाऊस असतो. १९८६ साली बाबांची त्या दिवशी सुट्टी होती आणि मी चार वर्षांचा होतो. थोडा चाललो आणि रडायला लागलो, तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेतलं. शेगाव येईपर्यंत खाली ठेवलं नाही. वर मी, हातांनी माझे पाय धरलेले, आणि पाऊस थेट बाहीतून मनगटावर. इतर कोणीही घडी काढून खिशात ठेवली असती. पण त्यासाठी माझा एक पाय सोडावा लागला असता.

घडीत पाणी गेलं. दोन दिवस बंद होती. "घडीसाज म्हणे, मास्तर, डायल बदलून देतो. यायनंच नाई म्हटलं. म्हणे राहू दे, पोराची खूण हाय."

मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? अंथरुणावर पडून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. हीच घडी झुरिकच्या त्या मित्राच्या आजोबांची असती, डायलवर ओमेगा लिहिलेलं असतं आणि तोच डाग असता, तर मी काय केलं असतं? मी त्याला दोन्ही हात जोडून सांगितलं असतं की बाबा रे, डागाला हात लावू नकोस, हीच त्याची किंमत. न्यूमनच्या बायकोने कोरलेली ओळ मला पाठ होती. माझ्या बापाच्या घडीवर माझ्यासाठी पडलेला डाग मला खराब दिसत होता, कारण घडी एचएमटी होती. स्विस घड्याळ जुनं झालं की माझ्या भाषेत ते व्हिंटेज व्हायचं. आमच्या घरचं जुनं झालं की ते नुसतं जुनं.

नियम मला सगळे येत होते. ते कुणाला लागू करायचे हे किमतीवरून ठरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडी घेऊन गावातल्या घडीसाजाकडे गेलो. बाबाही म्हणाले, चाल मी येतो. बाहेर देवळाकडे जाणारी गर्दी, कचोरीचा वास, आणि आत काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग अडकवून बसलेला माणूस. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा. दुकान त्याच्या वडिलांचं.

"भाऊ, जुनी डायल परत येईल का?" मी विचारलं.

त्याने भिंगातून पाहिलं. "मूळ डायल खरडून तिच्यावरच रंग मारला आहे. आता येत नाही." मग बाबांकडे वळून म्हणाला, "मास्तरसाहेब, ही तुमची वाटतच नाही."

ते ऐकून मला पेटीखाली लपावंसं वाटलं. त्याने सवयीने मागचं झाकण उघडलं. मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मशीन तेच आहे. चांगलं साफ केलं आहे." मग झाकण उलटं करून उजेडाकडे धरलं आणि गप्प झाला.

"हे पाहा," म्हणाला.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने खरडल्यासारखी बारीक अक्षरं होती. जुने घडीसाज घड्याळ दुरुस्त केलं की तिथे आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतात. पुन्हा आलं तर कधी उघडलं होतं ते कळावं म्हणून. जगभर ही पद्धत आहे. मी तिच्याबद्दल वाचलं होतं, लिलावांच्या फोटोंत पाहिलं होतं. घरच्या घडीचं झाकण उघडून बघावं असं मला कधी सुचलं नव्हतं. पॉलिश करणाऱ्याने सगळं बाहेरून घासलं होतं. आतून घासायचं कारणच नव्हतं.

घडीसाज एकेक वाचत गेला. "हे माझ्या बाबांचं अक्षर. ३-७९. मग हे ८-८६."

"पालखीचं," बाबा म्हणाले.

"११-९३."

"जलंबहून बदली झाली तवा. पडली होती प्लॅटफॉर्मवर."

"६-२०००. हे माझं पहिलं. बाबांनी माझ्याकडून करून घेतलं होतं, पाहा अक्षर कसं वाकडं आहे."

"हा बारावी झाला त्या साली," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "निकालाच्या दिवशी बंद पडली होती. मले वाटलं अपशकुन झाला."

"आणि शेवटचं २-२०१०."

"रिटायर झालो."

पाच ओळी. आपण याला लॉग म्हणतो. मी वीस वर्षं लोकांना सांगत आलोय की वरचा इंटरफेस कितीही बदला, लॉग पुसू नका. इथे इंटरफेसची मी माती केली होती आणि लॉग कुणाच्याच लक्षात न आल्यामुळे वाचला होता.

घडीसाजाने विचारलं, "आता याच्याखाली पुण्याची तारीख टाकू का?" मी म्हणालो, नको. बाबा म्हणाले, "टाक. उघडली तर होती ना." त्याने सुई घेतली आणि सहावी ओळ कोरली. माझ्या चुकीची नोंद त्या झाकणात आता कायमची आहे. बाबांना ती असायला हवी होती, एवढंच मला समजलं. चाळीस वर्षं ज्यांनी ट्रेनच्या रजिस्टरमध्ये गाडी लेट असेल तर लेटच लिहिली, त्यांच्याकडून दुसरं काय होणार?

डाग परत आला नाही. येणारही नाही. बाबा तीच घडी घालतात, रोज चाबी भरतात. पहिले दोन-तीन महिने त्यांचा अंगठा चार-पाचच्या मध्ये जायचा असं आई सांगते. आता जात नाही म्हणे. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझं ओमेगा? त्याच्या केसवर मागच्याच महिन्यात एक मोठा ओरखडा पडला. मुलीला सायकल शिकवताना ती तोल जाऊन पडत होती, तिला धरायला गेलो आणि हात भिंतीवर घासला. पूर्वीचा मी त्या रात्री झोपलो नसतो. बायकोने विचारलं, पॉलिश करून आणायचं का? मी नको म्हणालो. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

घड्याळांचा शौक सुटलेला नाही, खोटं का बोला. अजूनही शनिवारी सकाळी फोटो बघतो. यादीत एक रिव्हर्सो आहे, ते या जन्मी होईल असं वाटत नाही. पण आता कुणी घरातलं जुनं एचएमटी दाखवून "नवं करून घेऊ का?" विचारलं, तर मी आधी विचारतो की घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारलंस का, कुठला ओरखडा कशाचा ते. आणि झाकण उघडून आत बघ म्हणतो.

असो. लिहिता लिहिता पावणेचार झाले. हल्ली शनिवार-रविवारी बरोबर या वेळेला बाबांचा फोन येतो. घरच्या भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नाही, टीव्हीवरच्या वेळेवर तर नाहीच. माझ्या कॉम्प्युटरला टाइम सरळ वरून मिळतो असं मी एकदा सांगितलं होतं, ते त्यांना पटलं आहे. मी सेकंद मोजतो, ते चाबी बाहेर ओढून तयार असतात. पंचावन्न, छप्पन, सत्तावन्न... आणि चार वाजले की पलीकडून एवढंच ऐकू येतं, "हाव. मिळाली."

फोन वाजतोय. थांबतो.